पास झालेल्याच्या हातचं पुस्तक

या मित्रांनो, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका. कीर्तनाला बुवा उभे राहिले की सतरंजीवर कसे सरकून बसता, तसे बसा. आज मी तुम्हाला एका पोरीची गोष्ट सांगणार आहे, आणि तिची दीड वर्षं वाया घालवणाऱ्या माझीही. सांगताना लाज वाटेल, पण काही झाकून ठेवणार नाही.

मी एक जुना प्रश्नसंच आहे. शेतकी कॉलेजातली पदवी झाल्यावर पुढे एम.एस्सी.ला जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीचा. माझ्या पोटात तीन हजार प्रश्न आहेत. प्रत्येकाखाली चार पर्याय आणि अगदी शेवटच्या पानांवर उत्तरं. छापखान्यातून निघालो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. माझ्या पुठ्ठ्यावर तुरीची हिरवी फांदी होती आणि पानांना शाईचा वास होता.

माझा पहिला मालक ललित. अमरावतीच्या एका अभ्यासिकेत खिडकीजवळची खुर्ची धरून तो बसायचा. मोठा नेटका मुलगा. प्रश्न सोडवायचा, मागे पाहून उत्तर तपासायचा आणि बरोबर पर्यायाशी टोकदार पेन्सिलीने बारीकशी खूण करायचा. वर्षभरात त्याने तीन हजार खुणा केल्या. परीक्षेत त्याचा नंबर वर लागला, हवा तो विषय मिळाला. त्या दिवशी त्याने मला कपाळाला लावलं. मित्रांनो, मी किती फुगलो म्हणून सांगू!

आमच्या वऱ्हाडात पोरापोरींत एक रीत आहे. जो पास झाला त्याचं पुस्तक मागून घ्यायचं. नवं मिळत असलं तरी जुनंच घ्यायचं, कारण त्याला यश लागलेलं असतं. ललितच्या मागे दोन वर्षं असलेल्या दामिनीने मला असंच मागून घेतलं आणि दर्यापूरजवळच्या आपल्या गावी नेलं.

दामिनीला वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करायचा होता. त्यांच्या वावरात तीन वर्षं तूर ऐन फुलावर उभीच्या उभी वाळली. गावातला प्रत्येक जण वेगळं कारण सांगायचा. तिला खरं कारण हवं होतं.

घरात पाऊल टाकताच तिच्या आईने, आशाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. माझा पुठ्ठा अजून तिथे लाल आहे. दामिनी मला उघडून खोडरबर शोधू लागली, तर आशाबाई धावल्या.

"हे काय करून राहिली वं? पास झालेल्या हाताच्या खुना हायेत त्या! त्या खोडल्या तर काय राह्यलं पुस्तकात?"

"अवं आई, मले सोडवाचं हाय नं."

"तं सोडव. खुना काय तुहा हात धरून राहिल्या?"

हात नाही, मित्रांनो, त्या डोळा धरत होत्या! दामिनी पट्टीने खूण झाकायची, पण प्रश्न वाचता वाचता पट्टी सरकायची. नजर आधी खुणेवर जायची आणि मग डोकं म्हणायचं, हो, हेच, मला येतच होतं. शंभर प्रश्नांत ब्याण्णव, चौऱ्याण्णव. ती खूश, आई खूश. मी मात्र आतल्या आत ओरडत होतो, "पोरी, हे तुझे गुण नाहीत, ललितचे आहेत!" पण छापलेल्या अक्षराबाहेर मला एक शब्द बोलता येत नाही. असलं मुकेपण देवाने कुणाला देऊ नये.

परीक्षा अकोल्याला झाली. जुन्या शहरातल्या मावशीकडे मुक्काम होता आणि मी पिशवीत होतो. परतल्यावर दामिनीने मला बाहेर काढलं नाही. निकाल आला तेव्हा दोनशेपैकी एक्क्याऐंशी. कुठल्याच यादीत नाव नाही.

"घरी तं ब्याण्णव येत होते नं?" आशाबाईंनी विचारलं.

"तेच तं मले समजून नाही राह्यलं, आई! घरी समदं येते. तिथं प्रश्न पाह्यला का ओळखीचा वाटते, पन उत्तर कोनतं थे सांगताच येत नाही."

आशाबाईंना वाटलं, नजर लागली. त्यांनी मला आणखी कुंकू लावलं. मी कुंकवाने न्हालो आणि रागाने जळालो. भक्ती मला का नको आहे? पण देवापुढे ठेवलेलं पुस्तक वाचल्यासारखं होत नाही हो!

दामिनी पुन्हा बसली. पुन्हा तोच मी, तीच पट्टी, त्याच खुणा. पाच महिने! गावातले श्यामकाका येताजाता टोमणा मारायचे, "काय वं दामिनी, यंदाही परीक्षा का? आमच्या बैलानंही येवढ्या वेळात बी.ए. केलं असतं." ती हसण्यावारी न्यायची आणि घरात येऊन मला धाडकन आपटायची. माझी शिवण तेव्हाच उसवली. वडिलांनी, खुशालरावांनी, स्पष्ट सांगितलं होतं, "हे एक वर्ष अजून. नाही जमलं तं आपल्या पंजाबरावाच्या खता-औषधाच्या दुकानात बसाचं. थे कवाचे मानूस पाहून राहिले." वाईट काम नव्हतं ते. पण तिथे औषधाची बाटली हातात द्यायची असते, तूर का वाळते हे कुणी विचारत नाही.

आता खुशालरावांबद्दल थोडं. तीस वर्षं टाळकरी. पंचक्रोशीतला एकही सप्ताह त्यांच्याविना उभा राहिला नाही. बुवांनी अभंगाचा पहिला शब्द उच्चारला की त्यांचा आवाज मागून असा चढायचा की मृदंगवाल्याच्या अंगावर काटा यावा. अभंग पाचशे तरी पाठ असतील, असं सगळेच म्हणत. तेही म्हणत.

माघात शेजारच्या गावी सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, काल्याचं कीर्तन. सकाळचे दहा वाजले, मंडप भरला, दहीलाह्यांची हंडी टांगली, आणि महाराजांची जीप वाटेत पंक्चर. लोक म्हणाले, खुशालराव, तोवर तुम्हीच उभे राहा. दुपारी ते घरी आले ते पागोटं काखेत मारून. ओसरीवर बसले. दामिनी मला मांडीवर घेऊन तिथेच होती.

"लवकर आले वाटते?" तिने विचारलं.

"मले पुढं उभं केलं त्याईनं."

"मंग? गायले का नाही?"

"काय गातो, बाई? उभा राह्यलो. समदे माह्याकडं पाहून राहिले. पह्यला शब्दच येईना. पाचशे अभंग, अन् एकाचं तोंड सापडेना! शेवटी एका पोट्ट्यानं मागून सुरुवात करून देल्ली, तवा कुठं समदा अभंग घडघड आला." ते थोडं हसले, पण डोळे ओले होते. "तीस वर्सं मले वाटे, मले येते. मले येत नव्हतं वं. दुसऱ्यानं सुरू केलं का मांगून म्हनता येत होतं, येवढंच."

आशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. "जाऊ द्या हो. होते असं."

दामिनीने मला मध्येच कुठेतरी उघडलं. एकशे बाराव्या पानावर. पर्यायांवर तळहात ठेवला आणि फक्त प्रश्न वाचला. ओळखीचा होता. उत्तर आलं नाही. पुढचा प्रश्न. नाही. त्याच्या पुढचाही नाही. मग ती उठली, खोडरबर आणलं आणि पहिल्या पानापासून खोडायला बसली.

"दामिनी! त्या पास झालेल्याच्या हातच्या हायेत!"

"हो आई, त्याच्या हातच्या हायेत. माह्या हातचं ह्याच्यात काहीच नाही."

आशाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खुशालराव म्हणाले, "खोडू दे तिले."

चार दिवस खोडणं चाललं. माझी दोन पानं फाटली, कितीतरी खरबरीत झाली. ललितने जिथे पेन्सिल दाबून धरली होती तिथे खळगा तसाच राहिला. बोट फिरवलं की उत्तर कळायचं. मग उपाय आशाबाईंनीच काढला. त्या सातवी शिकलेल्या. त्या मला हातात धरून प्रश्न मोठ्याने वाचायच्या आणि दामिनी पाठ फिरवून, तूर पाखडत उत्तर द्यायची.

"तुरीचा मर रोग कोन्या बुरशीमुळं होते? अ, फु... फुजा... फुजारी..."

"फ्युजेरियम, आई!"

"अवं, मंग बरोबर हाय का चूक? का देवळातला पुजारी बसला इथं?"

दोघी पोट धरून हसल्या. पण हसणं कमीच. पहिल्या दिवशी शंभरात एक्केचाळीस आले. दुसऱ्या दिवशी अडतीस! दामिनीने सूप भिंतीवर फेकलं. "मागच्या खेपेपेक्षाही खाली!" ती रडली, चिडली, दोन दिवस मला शिवली नाही. मित्रांनो, मला तर वाटलं संपलं. तिसऱ्या दिवशी आशाबाईंनी स्वतःहून मला उघडलं आणि चुकलेलाच प्रश्न पुन्हा विचारला. पंधरवड्याने पन्नास. दोन महिन्यांनी सदुसष्ट. ब्याण्णव पुन्हा कधीच आले नाहीत. पण हे सदुसष्ट तिचे होते.

म्हणून सांगतो. आपलं पुस्तक दुसऱ्याला जरूर द्या, पण आपली उत्तरं खोडून द्या. आणि कुणी यशस्वी माणसाचं पुस्तक दिलं तर त्याला एकदाच नमस्कार करा आणि लगेच कामाला लावा. फाटलं तर फाटू द्या. आम्हाला पूजेत ठेवून कुजवू नका.

आज परीक्षा आहे. दामिनी आणि खुशालराव पहाटेच्या बसने अकोल्याला गेले. मला नेलं नाही, मी ओसरीवर आहे. आशाबाई स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसल्या आहेत आणि दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे पाहत आहेत. तिचं काय होईल मला ठाऊक नाही. माझ्यात तीन हजार उत्तरं आहेत, हे एक नाही.

दहा वाजता तिच्यासमोरचा संगणकाचा पडदा उजळेल आणि पहिला प्रश्न येईल. तिथे मागून सूर धरून देणारं कुणी नसेल, तिलाच सुरुवात करायची आहे. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागतो. हातातलं काम क्षणभर थांबवा, पांडुरंगाचं नाव घ्या, आणि दर्यापूरकडच्या दामिनीची आठवण करा.