आठ सुतांची तलवार

हसू नका, मित्रांनो! काडेपेटीतल्या काडीपेक्षा लहान असले तरी मी अस्सल तलवार हाय. कारखान्यात इंचाचे आठ सूत धरतात. जल्मले तवा मी पुरी आठ सूत होते. आता दोनच उरलीया. राग येणार न्हाय तर काय?

माझा जल्म कोल्हापुरातल्या एका लेथच्या कारखान्यात झाला. साल त्र्याहत्तर. दुपारची दोन-दोन तास लाईट जायची. लेथ बंद पडलं की माणसं तंबाखू तरी किती मळणार? मग आकाराम टर्नरनं पत्र्यावर खडूनं घरं आखली आणि लढाईचा खेळ काढला. लांब बोल्ट झाला वीर बोल्टाजी. मोडका गिअर झाला दातेरी राक्षस. सहा कोनी नटावर पंचनं टिंबं मारली, तो फासा. आणि बोल्टाजीला हत्यार पायजे म्हणून लोखंड कापायच्या हॅक्सा ब्लेडच्या तुकड्यातनं मला घासून काढली. लालबुंद तापवली आणि पाण्यात बुचकळली. चर्र!

"असलं पोलाद अख्ख्या कोल्हापुरात न्हाय," म्हणत आकारामनं माझी धार स्वतःच्या मिशीवर लावून बघितली. तवा मी लई फुगले होते.

बोल्टाजी आकारामचा, राक्षस खेळायचा हंबीरराव फिटर. अंगानं दांडगा, पण फासा काय त्याचं ऐकायचा न्हाय. लागोपाठ नऊ डाव मी त्याचा राक्षस लोळवला. दहाव्या दिवशी गडी मांडी ठोकून म्हणाला, "आजपासनं नवा नियम! एक टिंब पडलं की तलवार मोडली. बोल्टाजीनं बुक्क्या हाणायच्या."

"आणि तुझ्या राक्षसाचं दात?" आकारामनं इचारलं.

"ते अंगचं हायत. अंगचं मोडत न्हाय."

"व्हय की! मग ह्यो गिअर भंगारात कशापायी आलता? दात घासायला?"

सगळी फिदीफिदी हसली. मी न्हाय हसले. सांगा मित्रांनो, हरायचं ह्यानं आणि मोडायचं मी? मला इचारलं कुणी?

तीन दिवस भांडण चाललं. गुंडू वेल्डर साधू खेळायचा. तो म्हणाला, "मोडू दे की, मी मंत्रानं सांधतो." त्याला दोघांनीबी गप्प केलं. शेवटी आकारामचं डोकं फिरलं.

"मी पाणी पाजलेलं हत्यार मोडतच न्हाय! लाव वाईसला, हाण हातोडी. मोडली तर तुझा नियम, आणि ही जाईल भंगारात. न्हाय मोडली तर परत नियमाचं नाव काढायचं न्हाय!"

इज्जत त्याची, आणि मान माझी! वाईसच्या लोखंडी जबड्यात मला आवळली. हंबीररावानं बारकी हातोडी उचलली. टिक्!

सूतभर टोक उडालं.

 आकाराम टोक तळहातावर घेऊन बघत बसला. मग पुटपुटला, "शेकायची ऱ्हायली रं." पाणी पाजल्यावर पोलाद परत जरा शेकायला लागतं, न्हायतर ते काचेगत तडकतं. त्या दिवशी मधीच लाईट आली आणि गडी मला तशीच ठेवून लेथकडं पळालता. चूक कुणाची, आणि भंगारात कोण? मी!

हंबीरराव नाचंल असं वाटलं होतं. पण त्याचंबी तोंड उतरलं. "ऱ्हाऊ दे की आकाराम. नियम नको."

"न्हाय. शब्द म्हंजे शब्द. टाक तिला."

तेवढ्यात चहाची किटली घेऊन तानाबाई मावशी आल्या. "काय रं, कोण मेलं?"

गुंडूनं सगळं सांगितलं. मावशींनी किटली आदळली. "माझ्या इळ्याचा टवका उडला तर मी इळा फेकती व्हय? धार लावून आणती. तुमी मिशीवालं दिसभर टूल घासून घासून वापरताय, आणि खेळात अक्कल भंगारात?"

त्याच वक्ताला लाईट आली. मोटारी घुमल्या. दारातनं मालक वराडले, "चला, मशिनी धरा!" आकाराम लेथकडं गेलाच न्हाय. मला घेऊन सरळ ग्राइंडरला. आणि हंबीरराव आपली रुंद पाठ करून मधी उभा ऱ्हायला, मालकांना काय दिसू नये म्हणून. ठिणग्या उडाल्या, नवं टोक निघालं. ह्या वक्ताला मला नीट शेकलीबी.

मग नियम झाला. तीनदा लागोपाठ एक पडलं तर तलवार एक सूत घासायची. राक्षसावर पडलं तर त्याचा एक दात. न्याय झाला म्हणं! दोन वर्षांत माझी पाच सुतं गेली. आता एक सूत बोल्टाजीच्या बगलेतल्या भोकात, एक भायेर. अजून घासली की मी संपले.

मित्रांनो, नियम करा, भांडाबी. पण हत्यार मोडलं म्हणून त्याच्यावर वराडायच्या आधी, घडवताना आपलं काय ऱ्हायलं ते बघा. आणि टवका उडला म्हणून टाकू नका.

काल लाईट गेली. आकारामला पहिलं पडलं एक. दुसरं एक. तिसऱ्याला फासा गडगडत गेला आणि थांबला. एक! आकारामनं गपचूप मला उचलली.

"थांब!" हंबीररावानं फाशावर पंजा मारला. "कलला हुता. परत टाक."

फासा अगदी सरळ पडलता, मित्रांनो. मी बघितलंय. पण तुमी कुणाला सांगू नका.