भाईंनी शब्द मागे घेतले

भाई मास्तर देवळाच्या सभामंडपात उभे राहिले आणि खिशातला कागद काढून वाचू लागले, तेव्हा नर्मदेला वाटलं, आता आपले वडील गावाचे कान उपटणार.

"वेंगुर्ल्याच्या साप्ताहिकात आलेल्या माझ्या पत्रातलं विधान मी बिनशर्त मागे घेतो."

एवढंच. कागदाची घडी घालून भाई खाली बसले.

तीन महिन्यांपूर्वी, अठ्ठावन्न सालच्या शिमग्यानंतर, त्या पत्राने गाव ढवळून निघालं होतं. कौल लावताना देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सत्यवान गुरव उजव्या पाकळीला गूळ लावून ती अडवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं, असं भाईंनी लिहिलं होतं. मानकरी खवळले. शब्द मागे घ्या, नाहीतर वाळीत टाकू, असा निरोप आला. "वाळीत तर वाळीत," असं नर्मदाच विहिरीवर चारचौघींत ठणकावून सांगत होती.

घरी येताच ती कडाडली, "घाबरलात भाई? चार लोकांत माझी मान खाली घालायला लावलीत!"

भाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घाबराक नाय गो. मी काय बघूकच नाय."

"म्हणजे?"

"गूळ नाय, काय नाय. मनाचा लिवलंय. तुझ्या लग्नाचो कौल डावो पडलो, देवगडच्यांनी सोयरीक मोडल्यानी. माका राग इलो."

नर्मदेने खांब धरला. श्रुतलेखनात दुसऱ्याचं बघून लिहिलं म्हणून याच माणसाने तिला अख्खा दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं. ती उंबरा ओलांडून गुरववाडीत गेली.

सत्यवानाची बायको सुगंधा अंगणात कुळीथ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मास्तरांनी शब्द मागे घेतल्यानी, आयकलंय," ती म्हणाली. "लोक काय म्हणतत म्हायत आसा? धमकी दिली म्हणान घेतल्यानी, खरा ताच पयला. आदी निम्मो गाव मानी होतो, आता सगळो मानता. ह्यांच्याकडे कौल लावूक कोण येणा नाय."

आत सत्यवान भिंतीकडे तोंड करून पडला होता.

नर्मदा परतली ती थेट भाईंसमोर बसली. "'मागे घेतो' पुरणा नाय. 'खोटा बोललंय' म्हणा."

"चाळीस वर्सां मास्तरकी केलंय गो मी."

"म्हणानच लोकांनी तुमचा खरा मानल्यानी."

भाई त्या दिवशी जेवले नाहीत. सोमवारी आरतीनंतर ते उभे राहिले. या वेळी हातात कागद नव्हता. "मी खोटा बोललंय. सत्यवानान काय करूक नाय. माझ्या चेडवाची सोयरीक मोडली, तो राग मी तेच्यावर काढलंय."

"कोणी बोलूक लावल्यानी तुमका?" भाईंचाच एक जुना विद्यार्थी मागून ओरडला.

"कोणी नाय. ह्या नर्मदेन."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. ज्या लग्नाबद्दल गाव इतके दिवस दबक्या आवाजात बोलत होतं, ते आता भर देवळात उघडं पडलं होतं. तिचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

सत्यवान गाभाऱ्याच्या दाराशी उभा होता. भाईंनी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने ते हात पाहिले, आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

आषाढात लोक पुन्हा कौल लावायला त्याच्याकडे जाऊ लागले. भाईंच्या दारावरून जाताना मात्र तो शेवटपर्यंत मान फिरवूनच गेला.