पाण्याचा धनी

“धनी म्हणजे मालक. ज्याच्या नावावर कागद, तो,” समोर बसलेला तरुण वकील म्हणाला आणि खुर्चीत ऐसपैस रेलला.

उत्तर चुकलं असं म्हणता येत नव्हतं. तरी मी माझ्या कागदावर फुली मारली आणि बाल्जिन्याम साहेबांनी डोळे मिटून घेतले. हा शेवटचा उमेदवार होता. देशाचा पाण्याचा कायदा नव्याने लिहायचा होता, त्यासाठी आमच्या प्रकल्पाला एक कायदेतज्ज्ञ हवा होता. दोनदा जाहिरात देऊन झाली होती. येत होते ते सगळे हुशार, सुटाबुटातले, आणि धनी म्हणजे मालक म्हणणारे.

“आता परदेशातून माणूस आणू,” तो वकील गेल्यावर साहेब म्हणाले. “तो इंग्रजीत लिहील, आपण मंगोलियन करून घेऊ.”

“म्हणजे पुन्हा तेच,” मी म्हटलं.

तेच म्हणजे काय, ते सांगते. पहिला मसुदा असाच कुठल्यातरी परदेशी नमुन्यावरून उतरवलेला होता. त्यात एक कलम होतं: प्रत्येक झऱ्याच्या, विहिरीच्या धन्याने वर्षाच्या आत तालुक्याला येऊन नोंद करावी, न केल्यास ते पाणी बिनधन्याचं समजून सरकार कोणालाही भाड्याने देईल. लोकांचं मत घ्यायला आमची शहरात वाढलेली पोरं गोबीच्या वाळवंटात गेली. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे बिनधन्याचं पाणी किती?” म्हातारेकोतारे भडकले. “बिनधन्याचं? जिभेला हाड आहे का? प्रत्येक पाण्याला धनी आहे!” पोरांनी विचारलं, “कुठे राहतो?” ते म्हणाले, “कुठे म्हणजे? पाण्यात!” आता आमच्याकडे पाण्याचा धनी म्हणजे पाण्याच्या पोटात राहून ते सांभाळणारा. त्याच्या धाकाने वाहत्या पाण्यात कोणी खरकटे हात बुडवत नाही. पोरांनी अहवालात लिहिलं, ‘सर्व धनी जागेवरच वास्तव्यास आहेत.’ वर बसलेले खूश झाले. पण पाण्यातला धनी काही ओळखपत्र घेऊन तालुक्याला येणार नव्हता. वर्ष संपलं की गोबीतलं झाडून सगळं पाणी बिनधन्याचं ठरणार होतं, आणि भाड्याने घ्यायला खाणवाले टपलेलेच होते.

“दाम्दिनला विचार ना,” साहेब अचानक म्हणाले.

“दाम्दिन गुआइ निवृत्त झालेत. उंटांमागे गेलेत.”

“मग तूही जा उंटांमागे.”

म्हणून मी गेले. दोनदा जाहिरात वाया गेली तर माणूस थेट नेमता येतो, असा आमचाच नियम आहे. दाम्दिन गुआइंना मी चांगली ओळखत होते; गुआइ म्हणजे आमच्याकडचं मानाचं ‘राव’. जुन्या पाणी खात्यात ते कायदा विभागात होते, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. बढतीच्या रांगेत ते नेहमी मागे राहिले, कारण साहेबांच्या वाक्यातल्या चुका ते साहेबांच्या तोंडावर सांगत. त्यांना वाढवलं ते मोठ्या बहिणीने. घरातून एकालाच शाळेत पाठवता येणार होतं, तेव्हा दुलमाताई उंटांकडे राहिली आणि धाकटा शाळेत गेला. पुढे निवृत्तीनंतर एका वसंतात तो पिल्लांच्या वेळी तिला मदत करायला आला, आणि परत गेलाच नाही.

“कुत्रं आवरा हो!” गाडीतूनच मी ओरडले.

दाम्दिन गुआइ गेरमधून, लोकरीच्या गोल तंबूतून, बाहेर आले. निळा डेल म्हणजे लांब अंगरखा घातलेला, कमरेला पिवळा पट्टा, तोंड उन्हाने तांबूस. करड्या टायमधला माणूस तो हाच, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. आत चहा झाला, वाळवलेल्या दह्याचे तुकडे समोर आले. तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण त्यांनी माझ्याशीही केली, एवढा मान मला खात्यात कधी मिळाला नव्हता. शरद ऋतू कसा चाललाय, उंटांची वशिंडं भरलीत का, हे सगळं विचारून झाल्यावर मी कामाचं बोलले.

“नाही,” ते म्हणाले. इतक्या सुखाने नाही म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता. “अगं उर्ना, मला इथे काय कमी आहे? सकाळी उंट बघतो, दुपारी झोपतो. कचेरीतही झोपायचो, पण चोरून. इथे उघड झोपतो.”

“घोरतोही उघड,” चुलीपाशी बसलेल्या दुलमाताई म्हणाल्या. “उंट बुजतात.”

मी वाद घातला नाही. मसुदा चुलीच्या बाजूला तसाच ठेवला आणि ताईंबरोबर शेणी वेचायला बाहेर गेले. त्या डाव्या हातानेच वेचत होत्या. उजवा हात छातीच्या वर उचलला जात नव्हता. उंटाने धडक दिली होती म्हणे. त्यांनी ते हवामान सांगावं तसं सांगितलं. एक टोपली भरल्यावर मी ती घेऊन परत आले, त्या मागे राहिल्या.

आत पाहते तर दाम्दिन गुआइ मसुदा मांडीवर घेऊन बसलेले, हातात पेन्सिल.

“हा स्वल्पविराम कोणी घातला?” त्यांनी वर न बघता विचारलं. “ह्या एका स्वल्पविरामात आख्खी नदी वाहून जाईल!”

“धन्याचं कलम वाचलंत?”

“वाचलं. त्या बिचाऱ्याला कशाला तालुक्याला बोलावताय? धनी पाण्यात राहू दे. माणूस पाण्याचा फार तर राखणदार. नोंद करायची ती राखणदाराची, आणि तो एकटा नको. त्या पाण्यावर जितकी घरं जनावरं आणतात, ती सगळी मिळून राखणदार.”

“मग तेवढा शब्द बदलला की झालं?”

“झालं कसलं! तो प्रत्येक कलमात शिरलाय. एक टाका ओढलास तर सगळं उसवणार. मग कोणीतरी तिथे ठाण मांडून पुन्हा शिवायला हवं. समितीतल्या एकेकाशी भांडायला हवं.” बोलता बोलता त्यांचे डोळे लकाकले. भांडणाच्या नुसत्या वासाने हा माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता.

“मग चला ना,” मी म्हटलं. “संसदेच्या वसंत अधिवेशनापर्यंतच.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दाराकडे बघून आवाज खाली आणला. “ताईचा खांदा बघितलास? तिला बादली ओढवत नाही. हिवाळ्यात एकटीला टाकून जाऊ? शाळेत पाठवून तिने माझं केलं, तेवढं पुरे आहे. आणि हे तिला बोलू नकोस. तिला वाटतं मी आळशी म्हणून राहिलोय. वाटू दे.”

परदेशी माणसाला बोलवा, असं साहेबांना कळवायचं एवढंच आता उरलं होतं.

दार उघडलं. दुलमाताई वाकून, उंबरा ओलांडून आत आल्या.

“लोकरीची भिंत थंडी अडवते रे,” त्या म्हणाल्या. “बोलणं अडवत नाही.”

दाम्दिन गुआइ एखादी चोरी पकडली गेल्यासारखे बसून राहिले.

“माझ्यासाठी राहिलायस होय? आणि मी इकडे सगळ्यांना सांगत फिरतेय, धाकट्याला शहरात कोणी ठेवून घेईना, म्हणून मी ठेवून घेतलाय!”

“ताई, अगं तसं नाही...”

“ऊठ. उर्ना, तूही चल. उंट तहानलेत.”

विहीर गेरपासून हाकेच्या अंतरावर होती. शेजारी लाकडाचं लांब कुंड, आणि दोराला बांधलेली जुन्या टायरच्या रबराची बादली. उंट आधीच येऊन उभे होते. दुलमाताईंनी दोर हातात घेतला आणि भावाकडे वळून विचारलं, “या विहिरीवर जो पहिला येतो तो आपली जनावरं पाजून मागच्यासाठी कुंड भरून जातो. तुझ्या त्या कायद्यात हे आहे?”

“नाही, ताई.”

“का नाही?”

“लिहायचं कोणाला सुचलं नाही.”

“मग जाऊन लिही. हिवाळ्यात बर्फ पडलं की जनावरं बर्फ खातात. तोवर पलीकडच्या टेकडीवर भाची आहे. आणि मी आहे ना!”

दाम्दिन गुआइ बहिणीकडे वळले. मग म्हणाले, “वसंतात येतो परत. पिल्लांच्या आधी.”

हाच होकार होता. मला आनंद झाला, आणि तो झाल्याची लाजही वाटली.

ताईंनी बादली सोडली. डाव्या हाताने दोर ओढायचा, गुडघ्याखाली दाबून धरायचा, पुन्हा ओढायचा. उजवा हात नुसता दोरावर टेकलेला. बादली विहिरीच्या कडांवर आपटत, हिंदकळत वर येऊ लागली. खालून पाणी सांडल्याचा आवाज येत होता. मी पुढे सरसावले तसा दाम्दिन गुआइंनी माझा दंड धरला.

“हात लावू नकोस,” ते पुटपुटले. मग मला सोडून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट अडकवले. त्या दोराला हात लावणं म्हणजे दिलेला होकार परत घेणं होतं, आणि ते दोघाही भावंडांना कळत होतं.

बादली वर आली. ताईंनी ती कुंडात ओतली. उंट पुढे घुसले आणि एका दमात सगळं पिऊन मान वर करून उभे राहिले.

“अर्धीच येतेय, ताई,” त्यांना राहवलं नाही.

“अर्धी तर अर्धी,” दुलमाताई धापा टाकत म्हणाल्या. “उंटांना कुठे कचेरी गाठायचीय?”

आणि त्यांनी पुन्हा दोर सोडला.