पेटीत कोंडलेला दाखला

मी पेटी बोलतेय. बाजाची पेटी. मान द्यायचा असेल तेव्हा लोक मला हार्मोनियम म्हणतात. एरवी कुणी भाता हलवल्याशिवाय माझ्या तोंडून सूर फुटत नाही. गेल्या ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत मी मुलुंडच्या एका घरात, कपाटावर, कुलुपात पडून होते. तेव्हा पोटात जे साठलं ते आज सांगून टाकते.

माझा जन्म गिरगावातल्या एका कारखान्यात झाला. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट मंडळीच्या धर्मगुरूंनी, मला विकत घेतलं. सारा गाव त्यांना भाऊ म्हणे. सायकलच्या कॅरिअरला मला बांधून ते वाड्यावस्त्यांवर जात आणि येशूचं कीर्तन करत. त्यांचा आवाज फाटका होता. लोक म्हणायचे, पेटी सांभाळून घेते म्हणून बरं. मी घ्यायचेच.

भाऊंचा मुलगा सुबोध नोकरीसाठी मुंबईत आला. त्याची मुलगी गंधाली तीन महिन्यांची झाली तेव्हा तिला गावी आणून भाऊंनीच तिला बाप्तिस्मा दिला. मी तिथे वाजत होते. पाणी गार होतं म्हणून ती अशी काही रडली, की सुबोधला भजन थांबवावं लागलं होतं. भाऊंनी लगेच आपल्या वळणदार अक्षरात तिचा दाखला लिहिला. भाऊ गेले आणि मी सुबोधबरोबर मुलुंडला आले.

दर रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तो मला वाजवायचा. शिवाय दर जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा आठवडा येई. तेव्हा आमचे लोक आणि कॅथलिक लोक एकमेकांकडे जाऊन एकत्र प्रार्थना करत आणि शेवटी सामोसा-चहा घेत. सुबोध मला घेऊन हमखास जायचा. 'आपण सगळी एकाच बापाची लेकरं' असं भाषणही ठोकायचा. आठवडा सरला की ज्याचं देऊळ त्याला; आम्ही आमच्या उपासनेला, ते त्यांच्या मिस्साला. माणसांची ही आठ दिवसांची माया मला कधीच कळली नाही, पण सामोसा चांगला असावा.

गंधाली दहावीत असताना तिची आई गेली. सुबोधनं एकट्यानं मुलीला वाढवलं. तिनं अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या कार्लशी लग्न केलं. कार्ल कॅथलिक. लग्नात धर्मावरून कुणी ब्र काढला नाही. उलट सुबोध जो भेटेल त्याला सांगायचा, "आमच्याकडे ऐक्याचा आठवडा बारा महिने चालतो."

मग ऑगस्टमधल्या एका दुपारी गंधाली आली आणि म्हणाली, "पप्पा, मी कॅथलिक होणार आहे."

"सासूनं सांगितलं?"

"मार्सेलिनाआईंनी चार वर्षांत एका शब्दानं विचारलं नाही मला. मीच त्यांच्याबरोबर दर रविवारी मिस्साला जाते ना. कम्युनियनची भाकर घ्यायला सगळा बाक उठून वेदीपाशी जातो. मी कॅथलिक नाही, मला नाही घेता येत. मी एकटी बसते, आणि लोकांना जाता यावं म्हणून गुडघे बाजूला करते. कंटाळले मी गुडघे बाजूला करून."

"मग आपल्या देवळात ये. इथे कुणी बसवून ठेवत नाही तुला."

"माझं मन तिथे लागलंय, पप्पा. प्रार्थना तिथे होते माझ्याकडून. त्याला मी काय करू?"

ती पुढे म्हणाली, "फादरांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितलाय."

इथे सगळं चुकलं. सुबोधला वाटलं, रेशनकार्डावरून नाव कमी करतात तसं हे लोक भाऊंचा दाखला जमा करून घेणार, नव्यानं पाणी ओतणार आणि आपला दाखला देणार. म्हणजे भाऊंनी घातलेलं पाणी फुकट गेलं. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण तो म्हणाला, "दाखला हरवलाय. घर बदललं तेव्हाच गेला तो." ती काही सांगू लागली, तर हा चहा ठेवायच्या निमित्तानं आत निघून गेला.

ती गेल्यावर त्यानं बिस्किटांच्या डब्यातून दाखला काढला, माझ्या पट्ट्यांवर ठेवला, झाकण लावलं आणि कुलूप घातलं. किल्ली दाढीच्या सामानात गेली. सुबोध खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणूनच बहुधा त्याला खोटं लपवायला माझ्यापेक्षा बरी जागा सुचली नाही.

सहा महिने मी अंधारात होते; रविवारीही सुबोध मला न घेताच देवळात जायचा. पावसाळ्याची ओल आत शिरली, सुरांना गंज चढला, कागद घामेजून अंगाला चिकटला. घरी आली की खाली बसून गंधाली गावी फोन लावायची. तिथल्या मंडळीचं जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. ती रडकुंडीला यायची, आणि तिला हवं ते तिच्या डोक्यापासून चार फुटांवर माझ्या पोटात होतं. फार कोंडल्यासारखं व्हायचं मला. जानेवारीत ऐक्याच्या आठवड्याचं बोलावणं आलं, तर सुबोध फोनवर म्हणाला, "पेटी बिघडलीय." तो राग माझा अजून गेलेला नाही.

फेब्रुवारीत गंधाली कार्लला घेऊन आली.

"पप्पा, दाखला नाही तर नाही. फादर म्हणाले, बाप्तिस्मा बघितलेल्या कुणी साक्ष दिली तरी चालेल. आता तुमच्याशिवाय कोण आहे? एक सही करा."

"माझ्या सहीनं तू तिकडे जाणार नाहीस."

तिनं कार्लकडे पाहिलं. "ठीक आहे. मग रविवारी फादर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असं म्हणून पाणी घालतील."

"झाला नसेल तर? म्हणजे काय?"

"खात्री नाही म्हणून. दाखला असता तर पाण्याचा प्रश्नच नव्हता. ते आपला बाप्तिस्मा मानतात, पप्पा. एकदा झालेला पुन्हा करत नाहीत. मी तेव्हाच सांगत होते, तुम्ही आत निघून गेलात."

सुबोध उठला. मग स्टुलावर चढला. कार्ल मदतीला धावला, तर त्याला म्हणाला, "राहू दे, मी घेतो." मला खाली ठेवून त्यानं किल्ली आणली. झाकण उघडलं आणि माझ्यावर उजेड पडला. त्यानं दाखला हळूच सोडवला. एक कोपरा माझ्या पट्टीला चिकटून राहिला तो राहिलाच.

"मीच ठेवला होता," तो म्हणाला.

गंधालीनं आजोबांचं अक्षर वाचलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "सहा महिने मी गावी फोन लावतेय, पप्पा." दारापर्यंत गेली, चप्पल घातली आणि वळून म्हणाली, "रविवारी या. पेटी आणा."

जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानं रिक्षातून मी सुबोधच्या मांडीवर बसून अंधेरीला गेले. फादरांनी दाखला हातात घेऊन भाऊंचं नाव, गावाचं नाव सगळ्यांसमोर वाचलं. गंधालीनं आपली श्रद्धा मोठ्यानं बोलून दाखवली. फादरांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. पाण्याचा थेंबही नाही. ती बाकावर परतली तेव्हा सुबोधनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"कोरडे आहेत," तो म्हणाला.

"हो, पप्पा."

मग कम्युनियनची वेळ आली. कार्ल उठला, मार्सेलिना उठली, सगळा बाक उठला. सुबोध कडेला बसला होता. ऐक्याच्या प्रार्थनेत कम्युनियन नसतं, त्यामुळे इतकी वर्षं भाषणं करूनही हा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. त्याला क्षणभर काही उमगलं नाही. मग त्यानं मला जवळ ओढलं, गुडघे बाजूला घेतले आणि मुलीला वाट दिली. बाकावर आम्ही दोघंच उरलो. त्याचा हात माझ्या भात्यावर होता, पण भाता हलला नाही.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. कुलूप नाही, पण झाकण मिटलेलंच असतं आणि माझी मध्यमाची पट्टी अजून अडकते. महिन्यातून एकदा सुबोध लेकीबरोबर मिस्साला जातो, कडेला बसतो आणि गुडघे बाजूला घेतो. मला घरीच ठेवतो.

सुबोध, तिथे तू अडकून बसतोस आणि इथे मी. पुढच्या वेळी मला ने आणि मांडीवर घेऊन बस. मग तुला गुडघे बाजूला घेता येणार नाहीत. तुला ओलांडून जाण्याआधी बाकावरच्या सगळ्यांना आपल्यापाशी थोडं थांबावं लागेल.