न्यायाधीश धावले होते

पॉडकास्ट म्हणजे काय ते बाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. उभा जन्म कानाला यंत्र लावून परक्यांची बोलणी जोडून देण्यात गेला. फरक एवढाच, की तेव्हा ती ऐकायला मनाई होती आणि आता नातीने ती स्वतःहून फोनमध्ये घालून दिली होती.

वाचनही चालू होतंच. वाचनालयातून जाड कादंबऱ्या आणायच्या, शेवटची पानं आधी वाचायची आणि माणसं बरी निघाली तर मग सुरुवात करायची. हल्लीच आणलेल्या कादंबरीत नायिका तीन प्रकरणं खिडकीशी उभी होती. बाईंना तिच्या पायांची काळजी वाटली आणि त्यांनी पुस्तक परत केलं.

पॉडकास्टमध्ये दोन तरुण जुन्या मालिकांवर गप्पा मारत. निम्मा वेळ ते एकमेकांना "अगदी, अगदी" म्हणण्यात घालवत, पण बाईंची त्याला हरकत नव्हती. हरकत आली ती न्यायाधीशांच्या मालिकेपाशी. ती त्यांची सगळ्यांत लाडकी मालिका. कडक शिस्तीचे न्यायाधीश आणि त्यांचा एकही शब्द न ऐकणारा मुलगा. शेवटच्या भागात मुलगा घर सोडून जातो.

"आणि न्यायाधीश पेपरातून डोकंसुद्धा वर काढत नाहीत," एक तरुण म्हणाला.

"अगदी, अगदी," दुसरा म्हणाला.

"साफ खोटं!" बाई फोनवर ओरडल्या. न्यायाधीश मुलाचा विसरलेला स्वेटर घेऊन अनवाणी टॅक्सीमागे धावले होते. टॅक्सी थांबली नाही. मग ते घरात येऊन स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिले. गेली चाळीस वर्षं बाई हा प्रसंग ऐकवत होत्या.

त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"ताई, मी तेव्हापासून सांगतेय," बहीण म्हणाली. "कोणी धावलं-बिवलं नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी घुसलंय."

हे बाईंच्या मुलाच्या कानावर गेलं. महिन्याभरात आईने एकदा गॅस चालू ठेवला होता आणि नातीला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली होती. मुलाने स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीच होती, फक्त सांगायचा धीर होत नव्हता. आता झाला.

"मी वेडी झालेय म्हण की सरळ."

"आई, नुसती तपासणी आहे गं."

"तपासणी करतात आणि मग घरात एक बाई ठेवतात. मग ती बाई मला टीव्हीसमोर बसवते. माहितेय मला." बाई हट्टाला पेटल्या. "मालिका आता इंटरनेटवर आहे ना? रविवारी शेवटचा भाग लाव. न्यायाधीश धावले तर डॉक्टर रद्द. नाही धावले, तर सोमवारी मुकाट्याने येते."

रविवारी दुपारी बहीणही आली. हा निकाल तिला चुकवायचा नव्हता. तिघं ओळीने बसली. पडद्यावर मुलाने बॅग उचलली, दार उघडलं, टॅक्सीचा आवाज आला. न्यायाधीशांनी पेपराचं पान उलटलं. नावं वर सरकू लागली.

मुलाने टीव्हीचा आवाज बंद केला. बहिणीने जिंकल्यावर काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण ताईच्या तोंडाकडे बघून तिने ते गिळलं.

"ही खोली कुठली?" बाई म्हणाल्या.

मुलाने मावशीकडे पाहिलं. "न्यायाधीशांची, आई."

"ते कळतंय रे. पण मी ही कधी पाहिलेली नाही. न्यायाधीश शेगडीपासून निघाले, मोरी ओलांडली, खिडकीपाशी थांबले. स्वेटर नव्हता, पंचा होता. आपला, निळ्या काठाचा." त्या पुढे सरकून बसल्या. "अरे, ते आपलं जुनं स्वयंपाकघर. आणि धावत होते ते तुझे बाबा."

बाई मुलाकडे वळल्या.

"मला त्या हिवाळ्यात संध्याकाळची ड्यूटी होती. मालिका लागायची तेव्हा मी टेलिफोनच्या बोर्डवर. मी घरी आले की पानावर बसायचे आणि विचारायचे, आज काय झालं? तुझे बाबा सांगायचे."

"भावजी?" बहीण सरळ होऊन बसली. बाईंचे यजमान वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. त्यांच्या धाकाने अर्ध्या बाजारातले तराजू नीट चालत. "काहीतरीच काय! भावजी 'बरं' म्हणायलासुद्धा विचार करायचे. ते कशाला मनचं सांगतील?"

"ते मला काय माहीत? धावले खरे. पंचा हातात घेऊन."

"टॅक्सी थांबली नाही, हेसुद्धा त्यांनीच ठरवलं?"

"दिसतंय तर."

बहिणीने चष्मा काढून पुसला. "आणि मी त्यांना चाळीस वर्षं लाकूड म्हणत आले."

"तोंडावर म्हणायचीस."

"मग काय मागे म्हणू?"

मुलगा उठला. "आई, उद्याचं मी रद्द करतो."

"काही नको. ठरलं ते ठरलं, येते मी. डॉक्टरांना विचारू दे काय विचारायचं ते." बाईंनी पाय वर घेतले आणि शाल गुंडाळून घेतली. "आता पहिला भाग लाव."

"पहिला? का?"

"बहुतेक भाग मी त्यांच्या तोंडून ऐकलेत. मालिकेतलं कुठलं आणि त्यांचं कुठलं, ते बघायला नको?"

मुलाने पहिला भाग लावला. न्यायाधीश कोर्टातून घरी आले, फाटक उघडलं, बागेतून चालत दारापाशी पोचले, बूट काढले आणि आत गेले.

"कुत्रा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"कसला कुत्रा, ताई?"

"लंगडा. रोज फाटकाशी यायचा त्यांना घ्यायला."

तिघांनी वाट पाहिली. मुलाने मागे नेऊन पुन्हा लावलं. न्यायाधीश पुन्हा एकटेच बागेतून चालत गेले.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पुढे जाऊ दे आता."