बॉयलर हलवायचा होता

हेझल टॉर्डॉफला गॅरेजमधल्या बॉयलरचा राग यायचा, एखाद्या माणसाचा यावा तसा. चांगला कपाटाएवढा पत्र्याचा धटिंगण, डाव्या भिंतीला पाठ लावून वर्षानुवर्षं बसलेला, आणि शेजारी गरम पाण्याची उंच टाकी. खोल्याखोल्यांतून ऊब देणारे भिंतीवरचे रेडिएटर तो इमानेइतबारे तापवायचा, ते कोण नाकारतंय? पण मेला बसला होता नेमका तिथे, जिथे गाडीचं डावं दार उघडायला हवं होतं. म्हणून गाडी बाहेर उतारावर, आणि गॅरेजमध्ये रंगाचे वाळलेले डबे नि गवत कापायचं यंत्र.

इंग्लंडातल्या हडर्सफील्ड शहराच्या वर टेकडीवर त्यांचं घर. दारापुढचा उतार असा, की पावसात मांजरानेही जपून उतरावं. गेल्या जानेवारीत त्या उतारावर बर्फाची काच झाली होती. हेझल गाडीतून उतरली ती थेट फाटकापर्यंत घसरत गेली. मनगट मोडलं, आधीच कुरकुरणारा खुबा कायमचा रुसला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडलीस तर चालणं विसर. निसरडं असेल तेव्हा उतारावर पाऊल टाकायचं नाही. आता त्या टेकडीवर नोव्हेंबर ते मार्च निसरडं नसतं कधी? म्हणजे पाच महिने घरात कोंडून घ्यायचं. मार्चपर्यंत तिने ते सोसलं, पण पुन्हा सोसायची तिची तयारी नव्हती.

गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारं एक दार होतं. गाडी आत घेता आली तर उतरलं की घरातच. मग गुरुवारी चॅपलमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चमध्ये, कॉयरच्या समूहगाण्याच्या तालमीला जाता येईल. लग्नाच्या आधीपासून ती त्या कॉयरमध्ये खालच्या पट्टीत गात होती. डिसेंबरात ही मंडळी गावोगावच्या चॅपलमध्ये आणि पबमध्ये नाताळची गाणी म्हणत हिंडायची, आणि हेझलचं वर्ष त्या तीन आठवड्यांसाठीच असायचं. बाकीचे महिने ती नुसती ढकलायची.

म्हणून सप्टेंबरातच तिने क्रेगला बोलावलं. क्रेग गॅसचं काम करणारा, चाळिशीचा, आडव्या अंगाचा, बोलायला गोड, तिकडच्या रीतीने कुठल्याही बाईला 'लव्ह' म्हणणारा. त्याने घरभर फिरून टकटक केली, टेप लावून मोजलं आणि चहाबरोबर निकाल सांगितला.

"स्वयंपाकघरात लावायचा तर निम्मी कपाटं तोडावी लागतील. जिन्याखाली जागा आहे, पण धुराचा पाइप बाहेर काढणार कुठून? शेजाऱ्यांच्या बैठकीत? त्यापेक्षा माळा बेस्ट. हल्लीचे बॉयलर भिंतीवर टांगता येतात, लव्ह. टाकीसुद्धा लागत नाही. गॅरेज तुम्हाला अख्खं मोकळं."

"माळ्यावर," ट्रेव्हर म्हणाला. "हं. बघू या. आणखी एक बिस्किट घे."

ट्रेव्हर म्हणजे हेझलचा नवरा. पोस्टातून निवृत्त, स्वभावाने गरीब, आवाज कधी चढायचा नाही. त्याने क्रेगला बाग दाखवली, टोमॅटो दाखवले, मीटर दाखवला. माळा तेवढा दाखवला नाही. शिडीची कडी जरा अडकते, म्हणाला.

माळ्यावर ट्रेव्हरची आगगाडी होती. आगगाडी म्हणजे खेळणं म्हणाल तर तो तीन दिवस बोलायचा नाही. चारी भिंतींना लागून टेबलं, त्यांवर रूळ, बोगदा, दगडी पूल आणि लहानपणी त्याने पाहिलेलं, पुढे बंद पडलेलं एक स्टेशन, फलाटावरच्या बाकांसकट. ऐन तिशीत त्याने ते मांडायला घेतलं होतं आणि अजून संपलं नव्हतं. हेझलचा खुबा दुखायला लागल्यापासून ती वर गेलेली नव्हती. डोक्यावर गाडीची घरघर ऐकू आली की नवरा मजेत आहे एवढं तिला कळायचं.

क्रेग गेल्यावर ट्रेव्हर कपबश्या विसळत म्हणाला, "समजा, नाताळच्या आधी नाहीच झालं हे काम. तुला फार वाटेल का गं?"

"छे," हेझल म्हणाली. "मला काय वाटायचंय?"

याचा अर्थ, मी मरून जाईन. त्या टेकडीवरच्या शेंबड्या पोरालाही तो कळला असता. तिथे कुणी ताकाला जाताना भांडं पुढे धरत नाही. भांडं लपवायचं आणि समोरच्याने ते ओळखायचं, ही रीतच आहे. हेझलने भांडं लपवलं. ट्रेव्हरने ते ओळखलं नाही, किंवा ओळखून नजर वळवली.

मग ते भिजत घोंगडं पडलं. ऑक्टोबरात क्रेगचा पत्ता नाही. हेझलने फोन केला तर उचलेना, म्हणून तिने निरोप ठेवला: "सॉरी हं क्रेग, तुला उगाच त्रास. आमचं काही अडलेलं नाही, सहज विचारलं." फोन ठेवल्यावर तिचा तिलाच संताप आला. अडलेलं नाही? सगळं तर अडलं होतं! पण तोंडातून तेच निघालं, जे तिच्या आईच्या तोंडून आयुष्यभर निघालं होतं.

"ही कामाची माणसं अशीच," ट्रेव्हर पेपरामागून म्हणायचा. "काय करणार?"

"काय करणार," हेझल म्हणायची आणि बटाटे जरा जास्तच जोरात सोलायची.

नोव्हेंबर उजाडला. पहिल्याच आठवड्यात उतार पांढरा झाला. गुरुवारी संध्याकाळी ती कोट घालून, गळ्यात मफलर, काखेत गाण्यांची वही अशी दारात उभी राहिली. बर्फ वितळावं म्हणून ट्रेव्हरने उतारावर मीठ टाकलं होतं, हात पुढे केला होता. तिने एक पाऊल टाकलं आणि खुब्यातून अशी कळ निघाली, की ती चौकटीला धरून तशीच थांबली. भीती वाटली तिला, सरळ भीती. पुन्हा त्या फाटकापाशी आकाशाकडे बघत पडून राहायचं? तिने कोट काढून खुंटीला लावला.

"पुढच्या गुरुवारी जाऊ," ट्रेव्हर म्हणाला. तो खरोखर हळहळला होता, आणि तेच तिला सहन झालं नाही.

पुढच्या गुरुवारी तेच झालं. कॉयरमधून फोन आला, की तिच्या जागेवर तात्पुरती एक नवीन बाई बसवली आहे, छान गाते, तर हेझलने मुळीच काळजी करू नये. हेझल म्हणाली, वा, किती छान. मग न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने क्रेगला पुन्हा फोन लावला. या वेळी त्याने उचलला.

"मिसेस टॉर्डॉफ! सगळं ठीक ना? मी आपला हिवाळा संपल्यावर, ईस्टरनंतरच धरून चाललोय तुमचं काम."

"ईस्टर?"

"ट्रेव्हर म्हणाले ना तसं. माळा रिकामा व्हायला वेळ लागेल, घाई मुळीच नाही, मिसेसचीही काही हरकत नाही. सप्टेंबरातच फोन केला होता त्यांनी. तुमचा निरोपही ऐकला मी, अडलेलं नाही म्हणालात." मग त्याने विचारलं, "काही चुकलं का माझं?"

आता इथे एखादीने आकाश-पाताळ एक केलं असतं. हेझल काय म्हणाली? "अरे हो की! विसरलेच मी. ईस्टरच ठरलं होतं आमचं. सॉरी हं." नवऱ्याने पाठीत सुरी खुपसली तरी परक्यासमोर ती लपवायची, अशी तिची जात. फोन ठेवून तिने किटली चढवली. म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं! आणि दोन महिने ती त्या बिचाऱ्या क्रेगच्या नावाने बोटं मोडत बसली होती.

ट्रेव्हर वरून खाली आला तेव्हा टेबलावर चहा तयार होता. दोन कप. ती बसली होती.

"क्रेगशी बोलले मी."

ट्रेव्हरने साखर ढवळली. तो साखर घेत नसे.

"ईस्टर," ती म्हणाली.

"मी सांगणारच होतो तुला."

"कधी? ईस्टरला?"

"अगं, पण तूच म्हणालीस ना. मी विचारलं होतं. तुला काही वाटणार नाही म्हणालीस."

"ट्रेव्हर टॉर्डॉफ!" हेझलचा आवाज इतका चढला की तिचा तिलाच ओळखू येईना. "शेहेचाळीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलास तू. दातदुखीने तोंड सुजलं होतं तेव्हा काय म्हणाले होते मी? तुझी आई आठ महिने इथे राहिली तेव्हा? मला काही वाटत नाही! आयुष्यात कधी म्हणालेय मी, की मला वाटतं?"

"मग मला कळणार कसं?"

"तुला कळलं होतं."

त्याने चमचा बशीत ठेवला. चहाकडे बघत राहिला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. वेड पांघरून पेडगावला जाता येतं तोवर गेला, आता रस्ता संपला होता.

"ते सोडवलं की परत जुळत नाही गं," अखेर तो म्हणाला. "रूळ चिकटवलेत. डोंगर तर सगळा प्लास्टरचा, कापावाच लागेल. माझे हातही आता पूर्वीसारखे नाहीत. परत मांडणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

हेझलला हे माहीत होतं. त्याची बोटं सकाळी शर्टाची बटणं लावताना कशी अडखळतात, ते ती रोज बघत होती.

"एक करता येईल," तो जरा उजळून म्हणाला. "अख्खी टेबलंच्या टेबलं खाली आणायची. बॉयलर माळ्यावर गेला की गॅरेज रिकामंच होतंय, तर तिथे..."

वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याच्या लक्षात आलं, की तिथे तर गाडी यायची आहे.  दुसऱ्या कुठल्या दिवशी ती खो-खो हसली असती.

"मला वाटतं, ट्रेव्हर," ती म्हणाली. एकेक शब्द वजनाने ठेवत. "मला फार वाटतं. मला गायचंय. मी आणखी किती हिवाळे गाणार आहे? हा एक मी घरात बसून घालवणार नाही. कर फोन."

त्याने फोन केला, तिच्यासमोरच. "क्रेग? ट्रेव्हर बोलतोय. सॉरी हं, त्रास देतोय. त्या बॉयलरचं जरा अलीकडे घेता आलं तर... नाही नाही, तुझ्या सोयीने. तशी घाई काही..."

हेझलने हात लांबवून फोन त्याच्या कानापासून काढून घेतला.

"क्रेग, मी हेझल. घाई आहे. फार घाई आहे. सोमवारी ये." आणि सॉरी न म्हणता तिने फोन बंद केला. कान गरम झाले होते तिचे.

शनिवारी ट्रेव्हर करवत घेऊन माळ्यावर चढला. ती खाली स्वयंपाकघरात बसून ऐकत होती. आधी बराच वेळ आगगाडीच फिरत राहिली, गोल, गोल. मग बंद झाली आणि करवतीचा आवाज सुरू झाला. प्लास्टर कापताना तो आवाज फार वाईट येतो. तिने रेडिओ लावला, मग बंद केला. एवढं तरी आपण ऐकलंच पाहिजे, असं तिला वाटलं.

दुपारपर्यंत डोंगराचे तुकडे पोत्यांत भरून फाटकापाशी गेले. मग शिडी कुरकुरली. ट्रेव्हर खाली आला, केसांत पांढरी धूळ, दोन्ही हातांत ते स्टेशन. फलाट, छप्पर, बाक, सगळं एका फळीवर, पावाच्या दोन लाद्यांएवढं. तो गॅरेजच्या दारापाशी थांबला.

"हे तेवढं मागच्या भिंतीला फळी मारून ठेवतो," तो म्हणाला. "गाडीच्या वर. कुणाच्या अध्यातमध्यात नाही यायचं."

तो तिच्याकडे बघत नव्हता, स्टेशनकडे बघत होता. ठेव की, माझं काय जातंय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. जन्मभराची सवय ती. पण तिला हेही ठाऊक होतं, की आज फळी आली की उद्या फळीखाली टेबल येईल, टेबलावर रूळ येतील, आणि हळूहळू, कुणीही काहीही न बोलता, गाडी परत उतारावर जाईल.

"नाही," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये नाही."

ट्रेव्हरने मान हलवली. स्टेशन हातात धरून तो तिथेच उभा राहिला, कुठे ठेवायचं ते न कळून. तिला फार वाईट वाटलं. तरी ती खुर्चीवरून उठली नाही.