पायाळू

"काकी, एकदाच लावा ना पाय," ओट्यावर पालथा पडलेला जितेंद्र म्हणाला. "काल सिलिंडर उचलताना उसण भरली. सरळ उभं राहता येत नाय."

विनया दारातच थांबली. "निजल्यावर पन दुखतं का?"

"नाय. हललो की."

"पायांत मुंग्या? लघवीला काय तरास?"

"काकी, पाठ धरलीय माझी. लघवीचं काय विचारता?"

"विचारते ते सांग."

"नाय काय तरास."

"मग गरम पान्यानं शेक. आठ दिवसांत उतरली नाय तर दवाखान्यात जा. मी आता पाय लावीत नाय कोनाला."

जितेंद्र कसाबसा उठला आणि कमरेवर हात ठेवून गेला.

विनया पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानतात. सासरी चांदीपला आल्यावर तर पारोळपासून माणसं यायची. ओट्यावर पालथी पडायची, विनया उजवी टाच तीनदा टेकवायची, माणसं उठून चालू लागायची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

तेव्हा तिच्या नवऱ्याची, बळीरामची पाठ दुखू लागली. बळीराम गावाच्या पाण्याच्या टाकीवर चावीवाला होता. पहाटे उठून तीन पाड्यांचं पाणी सोडायचं, तीस वर्षं हेच काम. वाकून चावी फिरवताना भरली असेल, असं दोघांनाही वाटलं. तो ओट्यावर पालथा पडला, तिने टाच टेकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन महिने गेले. मग एका सकाळी तो खाटेवरून उतरला आणि पाय खालीच दुमडले.

आचोळ्याला राहणारी मुलगी दिपिका धावत आली. तपासण्या झाल्या. कॅन्सर प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या गाठीचा, आणि तिथून पाठीच्या मणक्यांत पसरलेला. नस दाबली जात होती म्हणून आधी मणक्याला मशीनवर किरणांचा शेक दिला, पाच दिवस. मग दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन, रोज उपाशीपोटी गोळ्या आणि हाडांसाठी सलाईन. बळीराम काठी घेऊन चालायला लागला. इंजेक्शनांमुळे त्याला अधूनमधून अंगातून वाफा यायच्या, घाम फुटायचा. तो पंखा लावायला सांगायचा.

"मला पन्नाशीत असंच व्हायचं," विनया म्हणायची, "तवा तुम्ही पंखा बंद करायचात."

"चुकलं," तो म्हणायचा. "आता कळतंय."

जितेंद्र गेला त्याच दिवशी बळीरामला कॅन्सरच्या डॉक्टर सुझान यांनी बोलावलं होतं. दिपिकाने सुट्टी काढली होती. तिघं रिक्षाने वसईला पोचली.

डॉक्टर सुझान वयाने दिपिकाएवढीच. बोलायची मात्र सरळ. "काका, रक्ततपासणीतला कॅन्सरचा आकडा सलग तीनदा वाढला. वरच्या दोन मणक्यांतही नवीन डाग आहेत. गोळ्या आता लागू पडत नाहीत."

"परत शेक द्या," बळीराम म्हणाला. "त्यानं उभा राहिलेलो."

"शेक एका जागेला देतात. तुमचा आजार एका जागी नाही. औषध रक्तातून सगळीकडे पोचायला हवं. केमो देऊ, दर तीन आठवड्यांनी. पुरता बरा होणार नाही, ते मी आधीच सांगितलंय. पण आटोक्यात राहील, दुखणं कमी होईल."

"किती दिवस?"

"नक्की नाही सांगता येत. काहींना महिने मिळतात, काहींना वर्षं. झेपलं नाही तर थांबवूही. ठरवायचं तुम्ही."

तेवढ्यात विनयाच्या तोंडून दोन वर्षं अडकलेलं वाक्य निघालं.

"डॉक्टर, मी यांच्या पाठीवर पाय ठेवायचे."

दिपिका म्हणाली, "आई, आत्ता कशाला ते?"

"विचारू दे. मी पायाळू आहे. तीन महिने रोज टाच टेकवली. त्यानं वाढलं का?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "पायाने कॅन्सर होत नाही, काकी, आणि पसरतही नाही. पण तेव्हा मणका ठिसूळ झाला होता. जोर दिला असता तर मोडला असता. आणि ते तीन महिने गेले. आधी आला असतात तर बरं झालं असतं, हे खरं आहे."

विनयाने मान हलवली. हेच उत्तर येणार, हे तिला ठाऊक असावं. तिने पदर तोंडाला लावला.

"तीन महिने तिनं नाय घालवले," बळीराम एकदम म्हणाला. "मी घालवले. लघवी अडायची, वरीसभर. रातचा चार चार वेळा उठायचो. कोनाला बोललो नाय. लाज वाटायची."

विनया त्याच्याकडे बघत राहिली. "मला सांगायचं होतंत."

"तुला सांगून काय, तू पाय लावला असता," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. दिपिकाला हसू आलं आणि रडूही आलं. विनया हसली नाही. तिने त्याचा हात धरला, डॉक्टरसमोरच. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"कुठं सही करायची?" बळीरामने विचारलं.

पुढल्या सोमवारी केमोच्या वॉर्डात स्टेफी नावाच्या नर्सने त्याला आधी वजनकाट्यावर उभं केलं, मग भिंतीजवळ बोलावलं. "उंचीही लागते, अंकल. दोन्हींवरून औषधाचं माप काढतात."

"लिहा, पाच आठ."

"मोजावी लागेल."

काठी विनयाकडे देऊन तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. स्टेफीने पट्टी डोक्यावर टेकवली. "पाच सहा."

"पाच आठ आहे माझी. टाकीवर नोकरीला लागलो तवा मोजलेली."

"मणके दबले की कमी होते, अंकल."

बळीरामने ते ऐकून घेतलं. विनयाला वाटलं, तो आता बाजूला होईल. पण त्याने टाचा भिंतीला घट्ट चिकटवल्या, दोन्ही तळवे मागे टेकवले आणि डोळे मिटून मान वर ताणली. कपाळावर घाम आला.

"थांबा," तो म्हणाला. "आता मोजा."

स्टेफीने पट्टी वर नेली आणि तो पुरता ताठ होईपर्यंत तशीच धरून ठेवली.